मी, मालतीबाईमसाला डॉट इन

मित्रांनो, मी एक जुनं डोमेन नाव आहे. फोनवर 'मालतीबाईमसाला डॉट इन' लिहिलंत की उरणच्या मालतीबाई घरत यांच्या आगरी मसाल्याचं दुकान उघडतं, ते माझ्यामुळे. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी नऊ वर्षांत मी एक दिवस रजा घेतलेली नाही.

माझा जन्म शिवरामच्या फ्लेक्सच्या दुकानात झाला. वाढदिवसाचे बॅनर छापता छापता त्याने एका स्वस्त कंपनीकडे माझी नोंदणी केली आणि मालक म्हणून स्वतःचंच नाव टाकलं. लबाडी नव्हती, रकाना रिकामा दिसला, भरला. पाटी रंगवणारा पाटीचा मालक झाला आणि कोणाला पत्ता नाही.

यंदा माझी मुदत संपायला अकरा दिवस उरले, तेव्हा ऐरोलीला आयटीत नोकरी करणाऱ्या मालतीबाईंच्या सुनेने, नमिताने, हे पकडलं. शिवरामचा पासवर्ड हरवलेला. कंपनीत फोन उचलायला माणूस नाही. मुदत टळली तर मी कोणाच्याही हाती जाणार, आणि दोन हजार बरण्यांवर माझं लेबल आधीच चिकटलेलं!

नमिताने अधिकृत यादीतल्या तीन कंपन्या काढल्या. निवड मालतीबाईंनी केली. वीस वर्षं त्या कंटेनर यार्डातल्या कामगारांना खोल्या भाड्याने देतात. भाडेकरू येणार कसा यापेक्षा निघणार कसा, हे आधी विचारतात. तिन्हीकडे त्यांनी एकच प्रश्न केला, "मी उद्या तुमाला सोरून चालले, तं माजा नाव मना कसा देशाल?"

पहिल्याने तीन गोष्टी फुकट देऊ केल्या. दुसऱ्याने फोन होल्डवर ठेवून बराच वेळ सनई ऐकवली. तिसरी, बेलापूरची गीतांजली, म्हणाली, "मावशी, मागाल त्या दिवशी नाव दुसरीकडे न्यायचा कोड देऊ. पण आधी मालक म्हणून तुमचं नाव लावून घ्या, नाहीतर देणार कोणाला?"

"हीच," मालतीबाई म्हणाल्या.

आता जुन्या कंपनीकडून कोड सोडवायचा होता. बाई लसणाची टोपली घेऊन शिवरामच्या दुकानात जाऊन बसल्या. तो कंपनीच्या चॅटवर लिहायचा, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर यायचं, बाई पुढची पाकळी सोलायच्या. काकी, घरी जा, आला की सांगतो, असं त्याने विनवून पाहिलं.

"लसून अजून हाय," काकी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी, सात किलो लसणानंतर, कंपनी शरण आली. मालकाचं नाव बदललं, कोड मिळाला आणि मुदतीला दोन दिवस असताना मी बेलापूरला मुक्काम हलवला. बरण्या वाचल्या.

नमिताने नोंदीचा कागद छापून आणला. मालतीबाईंचं राहतं घर सासऱ्यांच्या नावावर, खोल्या नवऱ्याच्या म्हणजे धर्मराजांच्या, गाळा थोरल्या दिरांच्या. या कागदावर मालक म्हणून लिहिलं होतं, मालती धर्मराज घरत. बाईंनी तो दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

तेव्हा मित्रांनो, आपलं नाव कोणाकडे ठेवताना फुकट काय मिळतं ते मागाहून पाहा. फोन कोण उचलतं आणि निघायची वाट कोण सांगतं, ते आधी विचारा. मालकाचा रकाना तर स्वतः वाचा. आमचा कागद आता फ्रेम करून बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी लावलाय. खिळा धर्मराजांनी ठोकला.