बराकीतला एकच वस्तरा

त्या सकाळी शिंपीण नेहमीसारखी मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात दारात नवरा येऊन उभा राहिला.

तो वायरमन. एका दुकानाला आग लागली आणि तिथलं वायरिंग केलं म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. खटला उभा राहण्यातच तुरुंगात वर्षं गेली. शेवटी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. पण तो परतला तो हळदीसारखे पिवळे डोळे घेऊन.

"आत पुष्कळांना असंच होतं," तो म्हणाला. "वस्तरा एक आणि दाढ्या साऱ्या बराकीच्या. तिथले डॉक्टर म्हणाले, पित्त आहे."

सासूबाईंचा मुलावर जीव होता, पण घरात लहानगी नात होती. त्यांनी त्याचं ताट, तांब्या, अंथरूण मागच्या खोलीत नेलं. "तुरुंगातली कावीळ आहे, सूनबाई. पोरीला लागली तर?" शेजारणी म्हणाल्या, करावे तसे भरावे.

वायरमनने वाद घातला नाही. उलट पोरगी धावत आली की तोच हात आडवा करायचा.

"तिथूनच बोल, चिमणे."

"बाबा, तुम्ही रागावलात?"

"नाही गं. बरा झालो की खांद्यावर बसवतो."

ती उंबऱ्यात बसून हलणारा दात दाखवायची, तो भिंतीला टेकून हसायचा. शिंपिणीला ते बघवत नसे. पण भीती तिलाही होतीच.

पुढे त्याचं पोट फुगलं, बोलणं भरकटू लागलं. इस्पितळात नर्सने विचारलं, "लेकीला नाही आणलंत?"

"तुरुंगातली कावीळ आहे, तिला लागेल ना."

नर्स थबकली. "ही कावीळ रक्तातून जाते, ताई. वस्तऱ्यातून, सुईतून. तुम्ही तपासून घ्या, लस घ्या. पण शेजारी जेवल्याने, कुशीत घेतल्याने नाही होत. आतच रक्त तपासलं असतं तर औषधं होती. कुणीच नाही सांगितलं?"

शिंपीण धावत जाऊन लेकीला घेऊन आली. पोरीने बापाचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. तो शुद्धीवर नव्हता. संध्याकाळी गेला.

"मीच त्याला दूर बसवलं," एवढंच सासूबाई म्हणत राहिल्या.

पुढच्या भेटीच्या दिवशी शिंपीण तुरुंगाच्या फाटकाशी उभी होती. शिपायाने ओळखलं. "बाई, तुमचा माणूस सुटला ना? आता काय काम?"

"माझा सुटला. आतल्यांचं रक्त तपासा, प्रत्येकाला वेगळं पातं द्या, हे साहेबांना सांगायचंय."

"साहेब नाहीत."

"मग उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौकशीला आलेल्या एका भाजीवालीने तिचं बोलणं ऐकून तिला बाजूला घेतलं. "माझा लेक सुटणार आहे. त्याचेही डोळे पिवळे झालेत. मी त्याला जवळ घेतलं तर चालेल का गं?"

शिंपिणीने त्या बाईचे दोन्ही हात धरून ठेवले.

"दवाखान्यात ने," ती म्हणाली. "पण आधी जवळ घे."