चारशे बारा मास्तर

धान विद्यापीठाचा जगात नंबर लागला नाही. यादीत नाव होतं, पण पहिल्या पंधराशे विद्यापीठांना नंबर देऊन झाल्यावर त्या परदेशी क्रमवारीवाल्यांनी एक आडवी रेघ मारली होती आणि उरलेल्यांना रेघेखाली नुसतं ओळीनं बसवलं होतं, लग्नात शेवटच्या पंगतीला बसवतात तसं. क्रमवारीचे रकाने भरून पाठवायचं काम विद्यापीठात भावना शहारेकडे होतं. रेघेखालचं ते नाव बघून तिला आधी लाज वाटली आणि मग लाज वाटल्याचा राग आला.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला आणि काही वर्षांनी वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याच्या अंगाला हे विद्यापीठ उभं राहिलं. एकाच पिकाचं विद्यापीठ. तीनशे सहा विद्यार्थी, अडतीस प्राध्यापक आणि सगळ्यांच्या तोंडी बारा महिने धान. पहिले कुलगुरू जरा वेगळ्याच वळणाचे होते. ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, प्रयोग झाला, त्याचं नाव शोधनिबंधावर लेखक म्हणून छापायचं, मग तो सही करो की अंगठा लावो, असा नियम त्यांनी करून ठेवला. शिवाय या शेतकऱ्यांच्या नावापुढे पत्ता विद्यापीठाचा टाकायचा. कारण काय, तर परदेशातून कुणी पत्र पाठवलं आणि ते कोंढ्यासारख्या खेड्यात पोचता पोचता हरवलं तर? विद्यापीठात आलं की शिपाई भय्याजी सायकलवर नेऊन देईल. पंधरा वर्षांत अशी पत्रं आली मोजून दोन. पण पत्ता छापत राहायची सवय सुटली नाही.

आणि नेमका तोच पत्ता आता गळ्याशी आला होता.

"क्रमवारीवाल्यांचं यंत्र पत्ता बघतं, मॅडम," अंकुश सांगत होता. हा क्रमवारी सुधारून देणारा सल्लागार. कुलगुरू डॉ. अतुल निनावे यांनी त्याला नागपुरातून बोलावलं होतं. "निबंधावर नाव तुमचं, पत्ता तुमचा, म्हणजे माणूस तुमचा. तुमचे मास्तर अडतीस. यंत्रानं मोजले साडेचारशे. निबंधांचा जगात किती उल्लेख झाला, त्याला मास्तरांच्या संख्येनं भागतात. भागून हातात काय राहिलं? भोपळा!"

"मग शेतकऱ्यांचा पत्ता बदलून घेऊ," भावना म्हणाली.

"छापलेला पत्ता बदलत नाही. अर्जात प्रत्येक नावापुढे दोनच चौकटी आहेत. 'हे आमचे शिक्षक आहेत' किंवा 'हे नाव चुकून आले'. चारशे बारा नावं आहेत. दुसऱ्या चौकटीत खूण करा, खाली तुमची सही. बस. पुढच्या वर्षी तुम्ही पहिल्या हजारात, मी लिहून देतो."

पहिल्या हजारात येणं गरजेचं होतं. वरून पत्र आलं होतं की एका विषयाचं जे विद्यापीठ पुढच्या क्रमवारीत हजाराच्या आत नसेल, ते मोठ्या विद्यापीठात विलीन करण्यात येईल. विलीन म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. इमारतीवर दुसरी पाटी, बांध्यांवरचे प्रयोग बंद.

निनावे सर पवनीच्या विणकराच्या घरातले. माणूस वाईट नव्हता, पण पत्राला भ्यायचा. ते भावनाकडे न बघता म्हणाले, "करून टाका, मॅडम. कोणाचं काय जाऊन राहिलं त्यात? त्या लोकाईले तर मालूमबी नाही पडणार."

भावनाला मालूम होतं. यादीत एकशे सत्त्याण्णवव्या नंबरवर नाव होतं, पार्वताबाई शहारे, कोंढा. ती तिची आई होती.

अर्ज पाठवायला आठ दिवस होते. रविवारी ती कोंढ्याला गेली, तेव्हा पार्वताबाई बांधीत पोटरीभर चिखलात उभी होती आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार विद्यार्थी आणि विद्यापीठाचा एक कारकून बसले होते. पोळा झाला की परीक्षा सुरू व्हायची. विद्यार्थ्यानं अख्खा खरीप एका शेतकऱ्याकडे काढायचा, पऱ्हे म्हणजे रोपं टाकण्यापासून, आणि निम्मे गुण त्या शेतकऱ्यानं द्यायचे. शेतकऱ्यांनी गुण द्यायची आपली रीत काढली होती. पिकाची आणेवारी करतात तशी पोरांची आणेवारी. सोळा आणे म्हणजे पैकीच्या पैकी, आठच्या खाली गेला तो दुष्काळ, म्हणजे नापास. ऑफिसात त्याचा तक्ताच होता, आण्याचे गुण करायचा.

तृप्ती नावाची तुमसरची मुलगी पाण्यात वाकून गादमाशीची कीड लागलेला फुटवा शोधत होती. तिनं एक उपटून वर धरला.

"हा का?" पार्वताबाई कडाडली. "मांगच्या हप्त्यात मी तुले काय दाखवलं होतं? डोळ्यानं नोको पाहू. बोटानं दाब. आतून पोकळ लागला तर तो."

मुलीनं पुन्हा हात घातला. तिसऱ्या वेळी बरोबर फुटवा निघाला. "बारा आणे," पार्वताबाईनं सांगितलं. धुऱ्यावर बसलेल्या कारकुनानं तेवढं लिहून घेतलं आणि कागदावर तिचा अंगठा घेतला.

घरी भाकर खाताना भावनानं सगळं सांगितलं. रेघ, यंत्र, पत्ता, चौकट. पार्वताबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चुकून म्हंजे?"

"म्हणजे तुझं नाव छापायचं नव्हतं, ते गलतीनं छापलं, असं लिहून द्यायचं."

"तीन वर्सं मी त्या नव्या धानाच्या बांधीत उभी राहिली. पूर आला तवा तुझे सायेब लोक भंडाऱ्यात होते, लोंब्या मी वाचवल्या. ते गलतीनं झालं का वं?" तिनं ताट बाजूला सरकवलं. "माझं नाव नोको ठेवू तिथं. मले काय करायचं आहे त्या नावाचं, आपल्या गावात मले सारेच वळखतात. पण गलतीनं आलं असं लिहू नोको. तसं लिवलं तर मी तुह्या घरी पानी नाही पेणार."

"आई, विद्यापीठ बंद होईल."

"होऊ दे. खोटं लिवून चालू ठेवशीन, तर कोन्ता मोठा तीर मारशीन?"

भावना चिडली ती स्वतःवर. तिचं अख्खं शिक्षण या बाईच्या रोवणीच्या मजुरीवर झालं होतं, आणि ही बाई चुकून मध्ये आली असं लिहायला ती इतके दिवस कागद घेऊन बसली होती. याहून नालायक काम तिनं आजवर केलं नव्हतं.

परतताना बसमध्ये तिनं क्रमवारीवाल्यांचं नियमपुस्तक फोनवर उघडलं. आजवर तिनं त्यातले रकाने पाहिले होते, व्याख्या कधी वाचल्या नव्हत्या. सतराव्या पानावर होतं, जी व्यक्ती किमान एक पूर्ण सत्र विद्यार्थ्यांना शिकवते आणि त्यांना गुण देते, ती शिक्षक. पदवीचा, पगाराचा, खुर्चीचा कुठं उल्लेखच नव्हता. तिनं ते वाक्य पाच वेळा वाचलं. बाजूच्या बाईनं विचारलं, काहून हासून राहिली?

सोमवारी तिनं अर्ज उघडला आणि पहिल्या चौकटीत खूण करायला सुरुवात केली. हे आमचे शिक्षक आहेत. हे आमचे शिक्षक आहेत. चारशे बारा वेळा. सोबत आणेवारीचे सगळे कागद जोडले, सह्यांसकट, अंगठ्यांसकट. सही ठोकली आणि पाठवून दिलं.

कुलगुरूंना ते दहा दिवसांनी कळलं, क्रमवारीवाल्यांचं पत्र आल्यावर. त्यांनी भावनाला बोलावून पत्र टेबलावर आपटलं. "विद्यार्थ्यांपेक्षा मास्तर जास्त! हे लोक म्हणून राहिले, जगात असं कुठंच नाही. तपासणी करणार आहेत, व्हिडिओवर. मॅडम, तुम्ही तर विद्यापीठ बुडवायले निघाल्या!"

"सर, यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. मी आत्ता राजीनामा देते."

निनावे सरांनी कागद चाळले. अंगठ्यांवर अंगठे. ते शोधत राहिले, पण खोटं काही सापडेना. "अंगठे दिसून राहिले हो यात," ते हताशपणे म्हणाले.

"तुमच्या वडिलांनी किती पोरांना मागावर बसायला शिकवलं, सर?"

"पंधरावीस."

"ते मास्तर नव्हते?"

कुलगुरूंनी कागद परत नीट लावले. ते म्हणाले, "तपासणी होऊन जाऊ द्या. मग पाहू."

तपासणीला पडद्यावर एक गोरी बाई आली. चष्मेवाली, बोलायला सौम्य. तिनं अडतीस प्राध्यापकांना सोडून दिलं आणि चारशे बारामधलं एक नाव अंदाजानं उचललं. निघाली राधाबाई भुरे, पण राधाबाई लेकीकडे गेली होती. दुसरं नाव उचललं ते एकशे सत्त्याण्णवावं. भावना पुढे झाली. "ही माझी आई आहे, दुसरं नाव घ्या," ती इंग्रजीत म्हणाली. बाईनं मान हलवली. नाव आता बदलत नाही, म्हणाली. मग दुभाष्याचं काम भावनानं करू नये म्हणून तृप्तीला पुढे केलं आणि फोन घेऊन सगळे कोंढ्याच्या बांधीवर गेले. कुलगुरू पँट वर दुमडून धुऱ्यावर उभे राहिले.

बाईनं विचारलं, तुमचं शिक्षण किती? पार्वताबाई म्हणाली, "दुसरी. पण ते सोड. तू काय तपासायले आली?"

तुम्ही शिकवता की नाही, हे.

"मंग शिकूनच पाह्य ना." पार्वताबाईनं पाण्यात हात घातला, दोन फुटवे उपटले आणि फोनसमोर धरले. एक मळकट हिरवा, एक पांढुरका, चमकदार, सरळसोट. "पोरी, विचार तिले. यातला चांगला कोन्ता?"

पडद्यावरची बाई थोडी गोंधळली. मग हसली आणि चमकदार फुटव्याकडे बोट केलं.

"चार आणे," पार्वताबाई म्हणाली. "दुष्काळ हाय हिचा." तिनं तो फुटवा मधोमध चिरला. आतून तो सगळा पोकळ होता आणि तळाशी अळी वळवळत होती. "चमकते त्याच्यात गादमाशी. याले लोंब धरत नाही कधी. हे तुले आज समजलं का नाही? समजलं तर मी मास्तर झाली. नाही समजलं तर उद्या ये, फिरून सांगीन."

तृप्तीनं शब्द न् शब्द भाषांतर केलं, दुष्काळसुद्धा. पलीकडची बाई बराच वेळ काही लिहीत होती. निनावे सर धुऱ्यावर उभे होते. हसू आवरताना त्यांचा तोल गेला आणि एक पाय चिखलात गेला.

जून महिन्यात यादी आली. चारशे बारा नावं शिक्षक म्हणून मान्य झाली होती. त्यामुळे भागाकार पूर्वीसारखाच भोपळा निघाला आणि विद्यापीठ पुन्हा रेघेखाली. एका विद्यार्थ्यामागे शिक्षक किती, या एकाच रकान्यात धान विद्यापीठ जगात सगळ्यांच्या वर होतं. त्या रकान्याचं वजन शंभरात पाच. अंकुशनं फोन करून सांगितलं, "मॅडम, हातचं घालवलं तुम्ही." भावना म्हणाली, "हो, आणि परत वेळ आली तर परत घालवीन." आणि तिनं फोन ठेवला.

आठवड्यातच विलीनीकरणाचा आदेश आला. तीन पानांचा. कुलगुरूंनी तो भावनासमोर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण या वेळी ते तिच्याकडे बघत होते. "वाचा. आता काय करायचं ते सांगा."

तिनं वाचला. पहिल्या पानावर तारीख, दुसऱ्यावर इमारती. तिसऱ्या पानावर कलम नऊ होतं. विलीन होणाऱ्या विद्यापीठातील सर्व मान्यताप्राप्त शिक्षकांना मोठ्या विद्यापीठात समकक्ष पदावर सामावून घेणे बंधनकारक राहील. त्यांची यादी पंधरा दिवसांत पाठवावी. यादीतील सर्वांना सामावून घेतल्याशिवाय विलीनीकरण अमलात येणार नाही.

तिनं ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. निनावे सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतः कपाट उघडलं आणि क्रमवारीवाल्यांचं मान्यतेचं पत्र काढलं, शिक्क्यासकट.

"साडेचारशे नावं पाठवा," ते म्हणाले. "या वेळी सही मी करतो."

यादी गेली. तीन आठवडे काही नाही. मग एका दुपारी वरच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारा साहेब घाईत होता आणि चिडलेला होता. "मॅडम, ही काय चेष्टा चालवलीय? चारशे बारा जणांना समकक्ष पदं कुठून आणायची? आणि ही एकशे सत्त्याण्णव नंबरची पार्वताबाई, हिला आम्ही कुठं बसवायचं?"

"ती बसत नाही, साहेब," भावना म्हणाली. "ती उभी असते. तुमच्याकडे बांधी असेल तर सांगा. नसेल तर विलीनीकरण थांबवल्याचं पत्र पाठवा. मी वाट बघते."