दोन्ही हातांची गळाभेट

बंजारा तांड्यावरच्या बायका भेटल्या की आधी रडतात, मग बोलतात. दोन्ही हात एकमेकींच्या गळ्यात टाकायचे आणि सुरात, गाऊन रडायचं. लग्न असो की मयत, रीत तीच. या रडण्यात रुख्मिणीबाईचा हात धरणारी सिद्धेश्वर धरणाच्या आसपास कुणी नव्हती.

२००४च्या उन्हाळ्यात ती बांधावरून पडली आणि उजव्या खांद्याचा चुरा झाला. "चिरफाड नको करू. हात जाईल," शिरड शहापूरकडच्या तांड्यावरून आलेल्या कमलबाईनं, तिच्या बालमैत्रिणीनं, बजावलं. पण ऐकेल ती रुख्मिणीबाई कसली! तिनं नांदेडला जाऊन नवा सांधा बसवून घेतला.

फोटोत सांधा देखणा दिसला, पण हात उठेना. दंडाला चिमटा काढला तरी कळेना.

"सांधा बराबर हाय, तर हात काहून उठंना?"

"ऑपरेशनमध्ये नस दुखावली," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी होतं. सहा-आठ महिने, वर्षही लागेल. व्यायाम सोडू नका."

हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कमलबाईला तर नाहीच. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. एका लग्नात एकाच हातानं गळाभेट घेतली, तर मागून कुणी तरी हसलं, "अर्धंच रडून राहिली!" तेव्हापासून तिनं चार माणसांत जाणं सोडलं. विधवा बाई, लेक पुण्याला. दिवसभर व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं वर वर चढवायची. घर खायला उठायचं.

पोळ्याच्या सुमारास कमलबाईचा नवरा खेमा वारला. रुख्मिणीबाई निघाली आणि उंबऱ्यातूनच परत फिरली. एवढ्या दुःखाला अर्धी मिठी कशी द्यायची? हात उठला की जाऊ.

होळीच्या तोंडावर बोटं डोक्यावरच्या देवाच्या कोनाड्याला लागली. ती एकटीच ढसाढसा रडली आणि तशीच जीपमध्ये बसली.

कमलबाई ओट्यावर बसली होती. रुख्मिणीबाईनं दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले, सूर लावला. समोरून सूर आला नाही.

"सहा महिने वाट पाह्यली म्या," कमलबाई म्हणाली. "माझं रडून झालं."

"हात उठत नव्हता गं. तू म्हणली तसंच झालं."

"एका हातानं आली असती तरी चाललं असतं."

कमलबाईचे दोन्ही हात धडधाकट होते. ते मांडीवरून उठले नाहीत.