खारीच्या पाठीवरचे पट्टे

आमच्या चिखलोलीच्या ‘निसर्गछाया’ सोसायटीत निसर्ग म्हणजे एक उंबर, आणि छायाही त्याचीच. बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. तो उंबर पाडून तिथं गाड्या लावायच्या, असं कमिटीचं ठरत आलं होतं. तेवढ्यात माझ्या मुलीनं, स्वप्नालीनं, खोडा घातला. ती प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं सेक्रेटरींना अर्ज दिला: उंबरावर खारीचं घरटं आहे, आणि ही शहरभर दिसणारी पाच पट्ट्यांची खार नाही, तीन पट्ट्यांची आहे, हिला दाट झाडी लागते. दोघी सख्ख्या बहिणींसारख्याच दिसतात, पण पाचवालीच्या कुशीवर दोन फिकट पट्टे जास्त असतात, आवाजही वेगळा असतो.

मुलगी हुशार आहे. पण खरं सांगितलं की लोक ऐकतात, हे तिला कुणी शिकवलं कळत नाही. मी तर नक्कीच नाही.

सेक्रेटरी श्यामकांत सर फॅक्टरीत मोठे ऑफिसर होते. त्यांनी जाहीर केलं, “तीन पट्टे असतील तर झाड राहील. पाच असतील तर ती कुठंही राहील, तिला काय!” आणि खारीच्या पाठीचा निकाल लावायला चक्क जनरल बॉडी बोलावली. समोसे मागवले.

स्वप्नालीनं मोबाईलवरचा फोटो सगळ्यांत फिरवला. सुहासिनीकाकू म्हणाल्या, “रामानं तीन बोटं फिरवली होती, म्हणजे तीनच.”

“हाताला बोटं पाच असतात, काकू,” कमळाकर म्हणाला.

कल्पेशनं फोटो इतका मोठा केला की नुसते केस दिसायला लागले. शेवटी हात वर करून मतदान झालं. तीनला अकरा, पाचला अकरा. खारीला मताचा अधिकार नव्हता.

“राजेंद्र, तुम्ही राहिलात,” सर म्हणाले. “मुलगी तुमची, फोटो घरातला. बोला.”

फोटो मी पन्नास वेळा पाहिला होता. तीन पट्टे होते, लहान पोरानंही मोजले असते. पण पार्किंगच्या नकाशात सात नंबरची जागा बरोबर उंबराच्या बुंध्यावर होती आणि ती माझ्या नावावर. गाडी बुक करून महिना झाला होता. लाज वाटली, नाही असं नाही. पण ती गाडीएवढी मोठी नव्हती. मी मुलीकडं न बघता म्हणालो, “चार वाटतात.”

आपल्याकडं चार पट्ट्यांची खार नसते. पण सभेला हा तोडगा फार आवडला, कुणाचंच मन दुखावलं नाही. सरांनी मिनिट्समध्ये लिहिलं, “चार म्हणजे तीन नव्हेत. सबब, ठराव मंजूर.”

मंगळवारी फांद्या छाटायला माणसं आली. छाटणी बुंध्यापासूनच झाली. जागेचं माप घ्यायला मी रजा टाकली होती. हातात टेप घेऊन उभा होतो. स्वप्नाली कॉलेजला गेली नव्हती. ती आडव्या पडलेल्या फांद्यांत वाकून काहीतरी शोधत होती. बऱ्याच वेळानं बुटांचा खोका घेऊन माझ्यासमोर आली.

आत चिंध्या-कापसाच्या घरट्यात दोन पिल्लं होती. बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. अंगावर अजून ना केस, ना पट्टा.

“पप्पा,” ती म्हणाली, “आता यांचे मोजा.”