खुराची सुरी

“पेशंट ॲडमिट हाये का?” खिडकीतल्या संपतनं विचारलं.

“न्हाई. ह्यांच्या साखरेच्या वर्गाला आलोय.” तुकाबाईनं विम्याचं कार्ड पुढं सरकवलं.

“मग नाय चालायचं, मावशी. कंपनीनं वर्गाचं बंद केलंय. खाटंवर झोपला तर समदं मिळतंय. चालत येऊन चालत गेला, तर आपल्या पदरचं.”

मागं उभा असलेला तिचा नवरा जानकू हसला. “म्हंजी मोडायचं फुकट, आन् धड राहायचं इकत. चल, घरी जाऊ.”

मंचरच्या त्या दवाखान्यात रोहिणी सिस्टर मधुमेहवाल्यांचा वर्ग घ्यायच्या. खायचं काय, साखर घरी कशी तपासायची, रोज तळव्याखाली आरसा धरून जखम कशी शोधायची, हे शिकवायच्या. या रोगात पाय बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. जानकूला हे फार समजवावं लागलं नाही. त्याचा जन्म मेंढरांमागं गेलेला. अवसरी खुर्दला त्याच्या दारात अजून थोडी मेंढरं होती. ती रानातून आली की एकेकीला दोन पायांत आवळून तो खूर बघायचा, वाढलेलं सुरीनं तासायचा.

“मेंढरू बी सांगत न्हाई, दुखतंय म्हणून,” तो वर्गात म्हणाला होता. सिस्टरना ते फार आवडलं. त्याच्या तळव्याला घट्टा आला की त्या स्वतः हलक्या हातानं घासून द्यायच्या.

पैसे भरून वर्गाला जाणं जानकूला पटेना. “जल्मभर खुरं बघितली. माजा पाय मला बघता येत न्हाई व्हय?”

घट्टा पुन्हा वाढला. एका संध्याकाळी मेंढरांचं आटोपल्यावर त्यानं त्याच सुरीनं स्वतःचा तळवा तासला. हात सफाईदार चालला होता.

“अवं, रगात आलंय,” तुकाबाई म्हणाली.

“दुखत न्हाई.”

“दुखत न्हाई तेच वंगाळ, असं सिस्टर म्हणल्या व्हत्या.”

“हळद आण जरा.”

हळदीखाली पाय आतून सडत गेला. काळा पडला तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापला.

या खेपेला कार्ड झकास चाललं. खाट, भूल, ऑपरेशन, जेवण, घरी सोडायला गाडीसुद्धा. कंपनीचा माणूस लाभार्थ्याचा फोटो काढायला आला. चादर तेवढी नीट ओढून घ्या, म्हणाला. तुकाबाईला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. तिनं पदर सावरला.

“सायेब, दुसऱ्या पायासाठी तरी वर्ग मिळंल का?”

“तो बाहेरचा उपचार, आजी. त्याला विमा नसतो.”

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मेंढरं दारात आली. बाजेवर बसलेल्या जानकूनं सवयीनं एकीला ओढलं. पण आवळून धरायला पायच पुरा नव्हता. मेंढी निसटली. त्यानं पुन्हा धरली, ती पुन्हा निसटली.

मग तुकाबाईनं मेंढी घट्ट धरली आणि जानकूनं खूर बघितलं. दुसरी धरली, तिसरी धरली. मेंढरं संपली. तिनं सुरी उचलून आढ्यात खोचली, त्याचा हात पोचणार नाही इतकी वर. भिंतीवरचा आरसा काढून ती खाली बसली आणि त्याचा उरलेला पाय मांडीवर घेतला.