पाव टाकी

टाकीत पेट्रोल किती आहे ते काट्यावरून ओळखायचं नसतं, हे व्यंकोजीला त्याच्या थोरल्या भावानंच शिकवलं होतं. आप्पाजी बंगळूरच्या एका मोठ्या कारखान्यात पंपाचा फिटर. धाकट्याला निपाणीहून बोलावून त्यानंच कारखान्याच्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून लावून दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं व्हॅनचा काटा पाहिला, टाकी रिकामी करून घेतली आणि एकेक गॅलन पेट्रोल ओतत बांबूच्या एका सरळ काठीवर चाकूनं खुणा पाडल्या.

"हा काटा मनाला येईल ते सांगतो व्यंकू," तो म्हणाला. "काठी आत घालायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आलीय ते बघायचं. मगच गाडी काढायची."

चार वर्षं व्यंकोजी रोज सकाळी तेच करत आला. एकोणीसशे एकोणसाठच्या मार्चमधल्या एका मंगळवारी त्यानं ते केलं नाही. कारण असं काही नव्हतं. थोडा उशीर झाला होता, काठी सीटच्या मागे पोत्यांखाली गेली होती, काटा पाव टाकी दाखवत होता. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी कारखान्याचं पंपघर होतं, तिथं सामान टाकून परत यायचं. जाऊन-येऊन आठ मैल.

पंपघराच्या पायरीवर आप्पाजी बसला होता. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा पडला होता. पंपावरचा शिवाप्पा बाजूला उभा राहून पंच्यानं वारा घालत होता.

"पित्त असेल, अण्णा. स्वल्प आडवे पडा, बरं वाटेल," शिवाप्पा म्हणाला.

आप्पाजीनं मान हलवली. "व्यंकू, मला दवाखान्यात ने."

कामाच्या वेळेत आप्पाजी कधी बसलेलाही कुणी पाहिला नव्हता. दोघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर आडवा केला. व्यंकोजीनं गाडी सुरू केली तसा मागून आवाज आला, "काठी घातलीस का?"

"घातली."

"किती आहे?"

"तीन गॅलन," व्यंकोजी काट्याकडे बघून म्हणाला.

"बरं," आप्पाजी म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

दोन मैलांवर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. काटा पाव टाकीवरच होता. व्यंकोजीनं पोती उपसून काठी काढली, टाकीत घातली. ती कोरडी बाहेर आली. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना नाचणी काढून नेलेली रानं. लांब झाडांत एक वस्ती दिसत होती, तिकडे तो पळत गेला. देवाप्पा नावाच्या माणसानं काही न विचारता बैल जुंपले, पण जुंपून, गाडी रस्त्याला येऊन, आप्पाजीला तिच्यात घेईपर्यंत अर्धा तास गेला.

बैलगाडीत आप्पाजीनं एकदा डोळे उघडले. वर आभाळ दिसल्यावर व्हॅन बंद पडल्याचं त्याला कळलं असावं. तो धाकट्याकडे बघत राहिला. मग त्यानं फक्त पाणी मागितलं, ते देवाप्पाच्या मडक्यातून दिलं. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा भावाच्या मांडीवर ठेवलेलं त्याचं डोकं जड झालं होतं.

डॉक्टरांनी किती वाजता निघालात ते विचारून लिहून घेतलं. लवकर आणलं असतं तर वाचला असता की नाही, हे ते बोलले नाहीत.

तेरा दिवस घरात माणसं येत-जात राहिली. व्यंकोजीनं सगळं केलं. खांदा दिला, अस्थी नेल्या, गावाकडच्या लोकांची उतरायची सोय बघितली. त्याला रडू आलं नाही. आपण रडत नाही हे त्याच्या लक्षात यायचं, आणि पायात चप्पल नाही हे लक्षात यावं इतकंच त्याचं त्याला वाटायचं. चौदाव्या दिवशी तो कामावर गेला.

कारखान्यानं चौकशी लावली होती. चौकशी करणारे इंजिनियर रत्नाकर मेहेंदळे पुण्याकडचे, तरुण, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी व्हॅन शेडमध्ये घेतली, टाकी कोरडी करायला लावली आणि गॅलनच्या मापानं पेट्रोल ओतायला सांगितलं. माप व्यंकोजीच्याच हातात होतं. एक गॅलन ओतलं की साहेब काटा बघायचे आणि कागदावर टिपायचे. भरताना काटा अगदी बरोबर चढत गेला. मग एकेक गॅलन काढायला सुरुवात केली. पाव टाकीपर्यंत काटा नीट उतरला आणि तिथंच थांबला. आणखी एक गॅलन काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. टाकी कोरडी झाली तरी काटा हलला नाही.

साहेबांनी पाच वेळा भरून पाच वेळा रिकामी करवली. तीन वेळा काटा अडकला, दोन वेळा नीट खाली गेला. मग टाकीतून काट्याचा तरंगता गोळा बाहेर काढला. त्याची तार एका ठिकाणी किंचित वाकलेली होती.

"बघ," साहेब म्हणाले, "पेट्रोल उतरताना गोळ्यानं खाली यायला हवं. तार आतल्या पत्र्याला अडकते आणि गोळा हवेत लटकून राहतो. कधी अडकते, कधी नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. त्या दिवशी निघताना काटा काय दाखवत होता?"

"पाव टाकी, साहेब."

"मग झालं तर. यात तुझा काही दोष नाही."

व्यंकोजी काठीबद्दल सांगायला तोंड उघडणार होता. पण साहेबांनी कागद पुढे केला आणि त्यानं सही केली. काठी कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हती, तेव्हा तिच्याबद्दल विचारणार तरी कोण. आठवड्याभरात व्हॅनला नवा काटा बसला.

बसवनगुडीत दोन खोल्यांचं घर होतं. व्यंकोजी, त्याची बायको सुलभा आणि आता एकटी राहिलेली वहिनी, कस्तुराबाई. शेजारच्या अक्का भेटायला आल्या की कस्तुराबाई कानडी-मराठी मिसळून तेच सांगायची. "मेल्या काट्यानं माझं घर बुडवलं. मोठ्या साहेबानं तपासून सांगितलंय, काटा खोटा होता. माझे भावजी बिचारे काय करणार?" व्यंकोजी आतल्या खोलीत जेवत असायचा. घास तोंडात जायचा, चावला जायचा. भाजी तिखट आहे की अळणी, हे सुलभानं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही.

पाच महिने असे गेले. एका दुपारी सुलभा बाजारात गेली होती आणि कस्तुराबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. व्यंकोजी उंबऱ्यात बसला.

"वहिनी, मी त्या दिवशी काठी घातली नव्हती."

तिचे हात थांबले नाहीत. "कसली काठी?"

"अण्णानं करून दिलेली. पेट्रोल मोजायची. रोज घालायचो. त्या दिवशी नाही घातली. अण्णानं गाडीत विचारलं, घातलीस का म्हणून. मी हो म्हणालो."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग आणखी एक. सूप खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला.

"साहेबाला सांगितलंत?"

"नाही."

"सुलभाला?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्या काट्याला शिव्या देत होते. सकाळी उठले की देत होते, रात्री निजताना देत होते. तेवढ्यावर माझा दिवस जात होता. आता मी काय करू?"

तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्यानंतर तिनं कुणापुढं काट्याचं नाव काढलं नाही. व्यंकोजीशी ती बोलायची ते कामापुरतं, आणि तेही सुलभामार्फत. काय बिनसलं म्हणून सुलभानं दोघांनाही विचारून पाहिलं. दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कस्तुराबाई लुगडं बदलून बाहेरच्या खोलीत आली. "भावजी, गाडी जिथं बंद पडली ती जागा मला दाखवा."

दोन बसगाड्या बदलून आणि पुढं तळ्याच्या रस्त्यानं पायी जाऊन ते तिथं पोचले. नाचणी कमरेइतकी वाढली होती. व्यंकोजीनं बोटानं जागा दाखवली. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. कस्तुराबाईनं वस्ती कुठली ते विचारलं, त्यानं झाडं दाखवली. दवाखाना कुठल्या बाजूला ते विचारलं, तेही त्यानं दाखवलं.

"किती लांब?"

"दोन मैल."

ती दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागली. व्यंकोजी दोन पावलं मागं राहून चालला. ऊन होतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती कुठंही थांबली नाही. निम्म्या वाटेवर तिच्या वहाणेचा अंगठा तुटला, तेव्हा तिनं दोन्ही वहाणा हातात घेतल्या. व्यंकोजीनं त्या धरायला हात पुढे केला. तिनं दिल्या नाहीत.

फाटकाशी पोचल्यावर तिनं पहारेकऱ्याला किती वाजले ते विचारलं. निघाल्यापासून पाऊण तास झाला होता. फाटकाच्या आत एक दगडी बाक होतं, त्यावर ती बसली. थोड्या वेळानं थोडी सरकली आणि व्यंकोजीही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दवाखान्यातून एक बाई तान्हं मूल घेऊन बाहेर आली, तिच्यामागं तिचा नवरा आला आणि ते सायकलवर बसून गेले.

"तुम्ही त्यांना गाडीत खरं सांगितलं असतं," कस्तुराबाई समोर बघत म्हणाली, "तर ते म्हणाले असते, थांब, आधी काठी घाल. तसल्या दुखण्यातसुद्धा म्हणाले असते."

"हो," व्यंकोजी म्हणाला.

तिनं मान हलवली. मग वहाणा खाली ठेवून तुटलेला अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"कोपऱ्यावर चांभार आहे," व्यंकोजी म्हणाला.

"रविवारी असतो?"

"असतो."

तिनं वहाणा त्याच्या हातात दिल्या. तो त्या घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला आणि चांभार टाका घालत होता तोवर ऊन चुकवत भिंतीच्या सावलीला उभा राहिला.