दुकान वाढवा

राहात्याच्या बाजारपेठेत रखमाजींचं किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, साबणाच्या खोक्यांना पाठ टेकून, त्यांची मुलगी दिशा गेम बनवते. खेळत नाही, बनवते. हा फरक लोकांना समजावून सांगता सांगता रखमाजींच्या नाकी नऊ आले होते. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की ते आता "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगत आणि डाळ तोलायला घेत. विचारणाराही डाळ घेऊन वाटेला लागे.

दिशा आधी पुण्यात एका गेम कंपनीत होती. कंपनीचं धोरण सरळ होतं. जगात जो गेम गाजेल, तो रंग बदलून झटपट बाजारात आणायचा. कुठे रंगीत गोळ्या जुळवायचा गेम गाजला की यांचा लाडू जुळवायचा गेम आलाच. कुठे माणूस पळवायचा गेम चालला की यांची म्हैस पळायला लागे. त्या म्हशीचे पाय हलवण्यात दिशानं उमेदीची वर्षं घातली. मग एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "म्हैस जुनी झाली, आता शेळी घेऊ," आणि दिशाचं डोकं सटकलं. त्याच आठवड्यात ती बॅग घेऊन राहात्याला आली.

साहेब मूळचे कानपूरचे, पण पुण्यात राहून मराठी शिकलेले आणि धोरणी. ते म्हणाले, "बघ प्रयत्न करून. जानेवारीपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो." दिशानं वडिलांनाही शब्द दिला होता. पुण्यात दर हिवाळ्यात छोट्या गेमवाल्यांची एक जत्रा भरते. तिथं आपल्या गेमला टेबल मिळालं, तर इथंच राहून हेच काम करायचं. नाही मिळालं, तर निमूटपणे शेळीचे पाय हलवायला परत जायचं.

तिच्या जोडीला होता नितीन. शाळेपासूनचा मित्र, बसस्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर अख्खं गाव बसवायचं आणि कुणाचं डोकं कापायचं नाही, ही त्याची ख्याती. गेममधली चित्रं तो काढायचा. एकट्यादुकट्यानं, कुठल्याही कंपनीशिवाय केलेल्या गेमला इंडी गेम म्हणतात, हे दिशानं त्याला सांगितलं होतं. पण बरेच दिवस तो ते 'हिंदी गेम'च समजत होता आणि यातली माणसं हिंदी का बोलत नाहीत म्हणून हैराण होता.

रोज संध्याकाळी दोघं असा एखादा नवा गेम शोधून खेळायचे. कुठल्याशा थंड देशातल्या दोन बहिणींनी केलेल्या गेममध्ये आजोबांचा चष्मा शोधायचा होता. सगळं घर पालथं घालायचं, गाद्या उचलायच्या, पिठाच्या डब्यात हात घालायचा, आणि शेवटी चष्मा निघतो आजोबांच्या कपाळावर. दुसऱ्या एकात तर आपण बसथांब्यावरचं बाकडंच असतो. माणसं येऊन बसतात, बोलतात, उठतात. आपण नुसतं ऐकायचं. त्या बाकड्यापायी दिशाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यात मारामारी कधी येणार?" नितीननं विचारलं.

"येणार नाही."

"मग हे बाकडं करतं काय?"

"बसू देतं," दिशा म्हणाली आणि तिला त्या बाकडंवाल्याचा भयंकर हेवा वाटला. असं काही आपल्याला का सुचत नाही? तिनं जंगलातला राक्षस केला, मंगळावरची विहीर केली, आंधळ्या राजाचा किल्ला केला. दर वेळी नितीन मान वाकडी करून बघायचा आणि म्हणायचा, "हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय." मेल्याचं दर वेळी खरंच असायचं.

शेवटी जत्रेला पाठवायची तारीख जवळ आली आणि हातात धड काहीच नव्हतं. तेव्हा दिशानं हात मोकळा व्हावा म्हणून समोर दिसेल ते केलं: एक किराणा दुकान. फळ्या, बरण्या, वजनकाटा आणि तांदळाच्या पोत्यावर झोपलेली मांजर. गिऱ्हाइकं येतात, माल मागतात, आपण द्यायचा. बटणांवर काय लिहायचं याचा तिनं विचारसुद्धा केला नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं बोटांनी आपोआप टाइप केलं. काहीच नाही त्यापेक्षा बरं, म्हणून तोच गेम पाठवून दिला.

जत्रेचं काम बघणाऱ्या रेश्माचा फोन आला. रेश्मा मराठीच, पण बडोद्याला लहानाची मोठी झालेली.

"चित्रं फार गोड आहेत गं," ती म्हणाली. "पण खरं सांगू? दुकानाचे गेम आमच्याकडे ढिगानं येतात. तुझाही त्यातलाच वाटला. शिवाय त्यात मोठा बग आहे."

"कसला बग?"

"'दुकान वाढवा' असं बटण आहे ना? दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळली, म्हटलं आता नवीन कपाट येईल, वर माळा चढेल. बटण दाबलं तर शटर खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा शटर. आणि ते मीठ! मीठ वाढलंय असं लिहून येतं, आणि बघावं तर बरणी रिकामी. सगळं उलटं झालंय. रविवारपर्यंत दुरुस्त कर, मग राखीव म्हणून तरी धरता येईल."

दिशाच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण ते तिनं गिळलं. राखीव तर राखीव. जगातल्या झाडून सगळ्या दुकानाच्या गेममध्ये दुकान वाढवणं म्हणजे माळा चढवणं. मग आपणच कशाला शहाणपणा करा? तिनं बटणावरचं खोडलं आणि लिहिलं, 'दुकान बंद करा'. मिठाच्या बरणीवर लिहिलं, 'संपलं'. काम चुटकीसरशी झालं.

संध्याकाळी रखमाजी खोबरेलाचं खोकं घ्यायला मागे आले आणि पडद्यासमोर थबकले. एरवी ते पडद्याकडे बघतसुद्धा नसत. आज त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"हे कुनी लिवलं?"

"मीच. दुरुस्ती केली, अप्पा."

"ह्याला दुरुस्ती म्हन्त्यात व्हय? दिवेलागनीला दुकानावर असं लिवायचं?"

"अहो, गेम आहे. खोटं दुकान आहे ते."

"खोटं कसं? फळ्या माझ्या, काटा माझा, पोत्यावरची मांजर बी माझीच." रखमाजींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दिशाला बरं वाटलं असतं. "बंद केल्यालं दुकान उघडत न्हाई, दिशा. वाढवल्यालं उघडतं. माझ्या बापानं रोज वाढवलं, मी रोज वाढवतो, म्हनून हाय ते अजून."

खोकं तसंच टाकून ते बाहेर गेले. गल्ल्यावर कुणी खोबरेल मागत होतं, त्याचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

दिशा पडद्याकडे बघत बसली. आधी तिला लाज वाटली. मग हळूहळू हसू यायला लागलं, आणि मग ती एवढ्यानं हसली की पोत्यावरची खरी मांजर उठून बसली. राक्षस झाले, मंगळ झाला, आंधळा राजा झाला. सगळं घर पालथं घातलं, आणि चष्मा कपाळावर! रेश्माला जो बग वाटला, तेवढी एकच गोष्ट त्या गेममध्ये कुठूनही उचललेली नव्हती. जगभरच्या गेममधली दुकानं माळे चढवून वाढतात. अप्पांचं रोज संध्याकाळी शटर ओढून वाढतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लॅपटॉप उचलला आणि गल्ल्याशेजारी रॉकेलच्या जुन्या डब्यावर बैठक मारली. बाकडं व्हायचं आणि ऐकायचं. आयुष्यभर कानावरून गेलेलं आता कानात शिरायला लागलं. रखमाजी गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणतच नव्हते. बडीशेप नसली तर "बडीशेप वाढलीया, उद्या देतो" म्हणायचे, आणि गिऱ्हाईक उद्याच्या भरवशावर खुशीत निघायचं. निघतानाही कुणी 'जातो' म्हणत नव्हतं. जो तो "येतो" म्हणून जात होता. झुंबरबाई तेलाची किटली भरून घ्यायला आल्या, तर त्यांची बांगडी फळीला लागून तडकली. पण फुटली असं त्या म्हणाल्या नाहीत. "वाढवली बघ बया," म्हणाल्या आणि तुकडे गोळा करून नेले. संध्याकाळी रखमाजी स्वतः लोखंडी आकडा घेऊन शटर ओढायचे. तो आकडा ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. दिशानं लहानपणी मागून मागून नाद सोडला होता.

तिनं सगळा गेम उसवला आणि पुन्हा शिवला. आता त्यात 'नाही', 'संपलं', 'बंद', 'जा' ही बटणं ठळक, मोठी, समोरच होती. कुणाचाही हात आधी तिथंच जावा अशी. पण ती दाबली की दुकानातला दिवा मंद व्हायचा आणि मांजर पोत्यावरून उतरून, एकदा मागे वळून बघून, निघून जायची. बरोबर शब्द कुठला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते गिऱ्हाइकांच्या बोलण्यात कान देऊन शोधायचं. शब्द सापडत गेले की दिवा उजळायचा आणि मांजर परत यायची.

"तुला बग काढायला सांगितलाय," नितीन कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि तू त्याची शेती करायला लागलीस. लोकांना काही कळणार नाही हे."

"पहिल्या फटक्यात नाही कळणार. बाकडं तरी कुठं कळलं होतं तुला?"

"मला अजून कळलेलं नाही," नितीन म्हणाला. पण मांजरीचं मागे वळून बघणं त्यानं असं काढलं की दिशाला ती जाताना बघवेना. "आणि टेबल गेलं म्हणजे?"

"गेलं तर शेळी आहेच."

हे ती हसत म्हणाली खरी, पण रविवारी गेम पाठवताना सोबत काय लिहायचं, ते तिला सुचेना. 'दुरुस्ती केली' असं कळवणं खोटं झालं असतं, आणि 'केली नाही' म्हणणं उद्धटपणा. तिनं काहीच न कळवता गेम पाठवला.

सोमवारी भर दुपारी रेश्माचा फोन आला. दिशा गल्ल्यापाशीच होती. रखमाजी एका गिऱ्हाइकाला साखर तोलत होते आणि नितीन उगाचच दाराशी उभा होता.

"दिशा, तू बग काढला नाहीस," रेश्मा म्हणाली.

"नाही."

"उलट वाढवलास."

"हो, वाढवला."

मग रेश्मानं सावकाश विचारलं, "कोणत्या अर्थानं?"

"दोन्ही."

रेश्मा हसायला लागली ती थांबेचना. "अगं, काल मी एका म्हाताऱ्याला गूळ नाही म्हणाले, आणि ती मांजर निघून गेली. इतकं वाईट वाटलं मला! ती परत येईपर्यंत जेवायला उठले नाही. माझी आईसुद्धा निघताना 'येते' म्हणते गं. मला आजवर त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. राखीव वगैरे विसर. टेबल तुझं, दारातलं."

दिशानं फोन ठेवला आणि नुसती मान हलवली. नितीननं तेवढ्यावरूनच ओळखलं आणि तो समोरच्या चहावाल्याला हाक मारायला धावला. रखमाजींच्या हातून मात्र साखरेचं माप चांगलंच उतू गेलं. गिऱ्हाईक ते बघत होतं आणि गप्प होतं.

मग दिशानं लगेच पुण्याला साहेबांना फोन लावला. धीर गोळा झालाय तोवर उरकलेलं बरं. "सर, खुर्ची ठेवलीत त्याबद्दल आभार. पण मला आता जमायचं नाही. इथंच काम करणार आहे." साहेबांनी बरंच समजावलं. शेळीच्या जोडीला करडू घेतलंय असंही आमिष दाखवलं. दिशा बधली नाही. "नाही सर. खरंच नाही. बरं, येते."

"येतेस?" साहेब खूश झाले. "मग आधीच सांगायचं ना! सोमवारपासून?"

"नाही हो सर! येते म्हणजे..." दिशा अडखळली. "येते म्हणजे येत नाहीये."

रखमाजी आवाज न करता हसत होते. त्यांचे खांदे गदगदत होते आणि काट्याचं पारडं त्यांच्याबरोबर हलत होतं. ते असे हसलेले दिशानं कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. समोरून आलेला चहा निवला तरी साहेबांना 'येते' कळलं नव्हतं.

संध्याकाळी पेठ पांगली. पेरूवाल्यांनी टोपल्या उचलल्या, शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे रस्त्यावरून सरकायला लागले. रखमाजींनी देवापुढचा दिवा नीट केला, बाहेरची झाडूची जुडी आत घेतली आणि कोपऱ्यातला लोखंडी आकडा उचलला. दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मग वळून त्यांनी आकडा दिशापुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "दुकान वाढव."

कोणत्या अर्थानं, हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. तिनं आकडा अडकवला आणि शटर खाली ओढलं. मांजर आतच होती.